डाव्या गालातला ठेका

माझा डावा गाल उजव्यापेक्षा मोठा होता, आणि मला त्याचा अभिमान होता.

हसू नका, आधी आमचं घर समजून घ्या. सिन्नरला आमचा लग्नाचा बँड आहे. आजोबा सनई वाजवायचे, वडील ट्रंपेट वाजवायचे, मीही ट्रंपेटच वाजवतो. वडिलांना सगळं गाव तात्या म्हणतं. वाजवताना तात्यांचे गाल बटाटेवड्यासारखे फुगायचे आणि म्हातारपणी ते सैल होऊन तसेच राहिले. आम्हा बँडवाल्यांत अशा गालाला मान असतो. ज्याचा गाल सुटला तो खरा फुंकणारा, बाकीचे जत्रेतले पिपाणीवाले, अशी आमची समजूत.

त्यामुळे ऐन तरुणपणी माझा डावा गाल जरा वर यायला लागला तेव्हा घरात पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले. कोणी पाहुणा आला की तात्या माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवायचे आणि म्हणायचे, "बघा, आमच्या घराण्याचा गाल उतरलाय दत्तूत." एकच गाल का, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. सुचलं असतं तरी तात्यांकडे उत्तर तयार होतं. मी ट्रंपेट जरा डावीकडे कलता धरतो, म्हणून.

आता मी बरा आहे. हे लिहायचं कारण एवढंच की माझ्यासारखा गाल, हिरडी किंवा ओठ घेऊन कोणीतरी आज कुठेतरी आरशासमोर उभं असेल आणि घरचे त्याला काहीतरी भलतंच कारण सांगत असतील. आजार दुर्मिळ आहे म्हणतात. पण मला तो होता, म्हणजे आणखी कोणाला असणारच.

मंगलची दोन बोटं

मंगल, माझी बायको, एमआयडीसीत पॅकिंगला जाते. दिवसभर खोकी तपासायची सवय, त्यामुळे घरातही तिच्या नजरेतून काही सुटत नाही. पहिल्यांदा तिच्याच लक्षात आलं. दाढी करून मी आरशापुढे उभा होतो, तिने सहज गालाला हात लावला आणि तो तसाच ठेवला.

"अहो, हे उडतंय."

"काय उडतंय?"

"गाल. आतून उडतोय. मनगटात नाडी लागते ना, तसा."

मी तिला म्हणालो, की आम्ही तालात जगणारी माणसं, आमचा गालही तालात असणार. ती हसली नाही. त्या दिवसापासून कामाला निघायच्या आधी दोन बोटं माझ्या गालावर ठेवायची आणि "हाय" एवढंच म्हणायची. म्हणजे, अजून आहे.

खरं तर मलाही बऱ्याच गोष्टी कळत होत्या. बुटाची नाडी बांधायला वाकलो की गाल भरून जड व्हायचा. उन्हात वरात निघाली की त्या बाजूला तापल्यासारखं वाटायचं. दुपारी पडलो आणि डावा कान उशीला लागला की आत धप्-धप् ऐकू यायचं. पण आयुष्यभर ढोलताशाच्या पुढे उभं राहिलेल्या माणसाचे कान वाजतातच, त्यात काय नवल! दात घासताना रक्त यायला लागलं तेव्हा मी ब्रश बदलला. पुन्हा आलं तेव्हा पेस्ट बदलली.

तात्यांनी शेक सुरू केला. जाड्या मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवायची आणि गालावर धरायची. मायेनेच करत होते. शेकलं की धपधप वाढायची, आणि तात्या म्हणायचे, "रक्त खेळायला लागलं, चांगलं हाय." मंगल स्वयंपाकघरात भांडी आपटायची. सासऱ्यापुढे तिला तोंडाने बोलता यायचं नाही, म्हणून भांडी बोलायची.

मग खालची डावी दाढ हलायला लागली.

काढून टाका मॅडम

लग्नसराई तोंडावर आली होती. सुपाऱ्या घेऊन झाल्या होत्या, म्हणजे तारखा ठरल्या होत्या. दाढ हलते म्हणजे काढायची, तोंड बरं करायचं आणि वाजवायला लागायचं, एवढा साधा विचार. आमच्या क्लॅरोनेटवाल्याने त्याची दाढ नाशिकला द्वारका चौकाजवळ एका मॅडमकडे काढली होती आणि दुसऱ्या दिवशी तो वाजवत होता. मी तेच दुकान गाठलं. दवाखान्याला दुकान म्हटलेलं त्या मॅडमना पुढे कळलं, तेव्हा त्या खूप हसल्या.

मॅडम तरुण. माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाच्या असतील. मी खुर्चीत बसल्या बसल्या सांगितलं, "काढून टाका मॅडम. परवा हळद हाय पांढुर्लीला. मी नसलो तर नवरीचा मामा रुसंल."

"काढू दादा. आधी बघू तरी द्या."

त्यांनी आरसा घालून पाहिलं. मग हातमोज्यातलं बोट दाढेवर ठेवलं आणि हलकेच खाली दाबलं. दाढ आत गेली आणि बोट काढल्यावर आपोआप वर आली. त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. सुई भरलेली बाजूच्या ट्रेमध्ये दिसत होती. मॅडमनी ट्रे मागे सरकवला.

"दादा, जरा खाली वाका. गुडघ्याकडे डोकं न्या."

वाकलो. गाल भरला. त्यांनी बोटं ठेवली, मंगल ठेवायची तशीच, त्याच जागी. मला एकदम मंगलची आठवण आली.

वरच्या मजल्यावर एक फिजिशियन बसतात. मॅडमनी त्यांच्याकडून स्टेथोस्कोप मागवला आणि माझ्या गालाला लावला. छातीला नाही, गालाला! आयुष्यात असं कोणी केलं नव्हतं. बराच वेळ ऐकल्यावर त्यांनी त्या नळ्या काढून माझ्या कानात घातल्या.

"ऐका."

मी ऐकलं. घूँ, घूँ, घूँ. बँडमध्ये मागे मोठं पितळी भोंगाड वाजतं, त्याच्यासारखा खर्ज, आणि एकदम तालात. उशीत इतकी वर्षं ऐकत होतो तो हाच ठेका. मला वाटायचं कान वाजतायत. ते रक्त वाहत होतं, माझ्या जबड्यातून, नको इतक्या जोरात.

मॅडमनी एक्स-रे काढला. जबड्याच्या हाडात ठिकठिकाणी पोकळ्या दिसत होत्या. त्या माझ्यासमोर स्टूल घेऊन बसल्या आणि समजावून सांगायला लागल्या. शरीरात शुद्ध रक्त नेणाऱ्या नळ्या वेगळ्या, परत आणणाऱ्या वेगळ्या, आणि मध्ये बारीक जाळी असते, तिथे रक्ताचा जोर मोडतो. माझ्या जबड्यात बहुतेक ती जाळीच नाही. सगळा जोर थेट शिरांमध्ये घुसतोय, हाड पोखरतोय, आणि दाढ त्या रक्तावर तरंगतेय. नक्की काय आहे ते मोठ्या तपासणीतच कळेल.

"मग दाढ काढायची नाही?"

"दादा, इथे काढली असती तर रक्त मला थांबवता आलं नसतं."

त्यांनी हे शांतपणे सांगितलं आणि भरलेली सुई ट्रेमधून उचलून टाकून दिली. मी खुर्चीतून उतरलो. भीती वाटली, हे सरळच सांगतो. परवाची हळद, नवरीचा मामा, सगळं डोक्यातून गेलं. मंगलला फोन लावला आणि नुसतं म्हणालो, "तू म्हणत होतीस ते खरं हाय." पलीकडे मशीनचा आवाज येत होता. ती म्हणाली, "तिथंच बसा. कुठं हलू नका. कोणाला तोंडाला हात लावू देऊ नका." आणि ती सिन्नरहून कामाच्या कपड्यांतच आली.

तात्यांचा राग

पुढच्या तपासण्यांनी मॅडमचा अंदाज खरा ठरवला. मोठ्या हॉस्पिटलात रक्तात रंग सोडून फोटो काढले, त्यात माझ्या डाव्या जबड्यात रक्तवाहिन्यांचा नुसता गुंता दिसत होता. जन्मापासूनचा. कॅन्सर नाही, हे ऐकलं तेव्हा मंगल भिंतीला टेकून रडली.

घरी मात्र निराळंच रणकंदन. तात्या ऐकायलाच तयार नाहीत.

"माझा गाल फुगला, माझ्या बापाचा फुगला. आमाला काय झालं? हे डॉक्टर लोक चांगल्या गालाला रोग म्हणत्यात."

"तात्या, रक्त येतंय तोंडातून."

"मिसरी लाव."

त्या दिवशी भांडी आपटली नाहीत. मंगल स्वयंपाकघरातून बाहेर आली, लग्नानंतर पहिल्यांदा तात्यांच्या समोर उभी राहिली आणि त्यांचा हात धरून माझ्या गालावर ठेवला. "आता तुमचा गाल चाचपा," ती म्हणाली. तात्यांनी दुसरा हात स्वतःच्या गालावर ठेवला. एका हाताला धपधप, दुसऱ्या हाताला नुसती सैल कातडी. उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मिठाची पुरचुंडी त्या दिवसानंतर घरात कधी दिसली नाही.

नंतर हॉस्पिटलात त्यांनी डॉक्टरांना हळूच विचारलं, "मी त्याला लहानपणापास्नं फुंकायला लावलं. त्याच्यानं झालं का?" डॉक्टर म्हणाले, "आजोबा, हे त्याच्या जन्माआधीच झालं होतं. तुमचा काही दोष नाही." तात्यांनी त्या डॉक्टरांना वाकून नमस्कार केला. आपल्या निम्म्या वयाच्या माणसाला.

आधी जीव, मग जबडा

एका सर्जननी जबड्याचा तो भाग काढावा लागेल असं सांगितलं होतं. जबडा गेला की ट्रंपेट गेलंच. मी ते ऐकून घरी जेवलो नाही.

दुसरा रस्ता नळीचा होता. मांडीतून बारीक नळी घालून ती गालापर्यंत न्यायची आणि नको त्या जोडण्या आतून बुजवायच्या. हे ऐकून तात्या म्हणाले, "गालाच्या दुखण्याला मांडीत भोक?" हे काम करणारे डॉक्टर कमी बोलणारे, पण एक शब्दही वायफळ नाही. मी त्यांना विचारलं, "पुन्हा वाजवता येईल?"

"आधी जीव, मग जबडा, मग ट्रंपेट. या क्रमाने जाऊ."

"पण येईल का?"

"खालच्या ओठाची संवेदना नेणारी नस त्याच हाडातून जाते. ओठ बधिर होऊ शकतो. थोडे दिवस, किंवा कायमचा. आज सांगता येत नाही."

ट्रंपेट बोटांनी वाजत नाही हो, ओठांनी वाजतं. बोटं तर कोणीही दाबेल. ओठ नसलेला ट्रंपेटवाला म्हणजे लग्नात फेटा बांधून उभा राहिलेला पाहुणा. पण मंगलने माझ्याकडे पाहिलं आणि मी सही केली.

वॉर्डातले दिवस

हॉस्पिटलाचा स्वतःचा ताल असतो. सकाळी झाडूवाली, मग ब्लडप्रेशरचा पट्टा, मग डॉक्टरांची फेरी, मग उपमा. उपम्यात कढीपत्ता असला तर तो दिवस चांगला. माझं खाणं मऊ. पंचवटीत मंगलची मावशी राहते. ती मुगाची खिचडी इतकी पातळ करून आणायची, की चमच्याऐवजी फुलपात्राने प्यायचो. वर तूप. मावशी डबा उघडताना दर वेळी म्हणायची, "खा बाबा, तुझा आवाज ऐकायचाय मला." माझा आवाज म्हणजे ट्रंपेट.

शेजारच्या खाटेवर पायाचं ऑपरेशन झालेले निवृत्त मास्तर होते. त्यांना माझा धंदा कळला तेव्हा म्हणाले, "माझ्या मुलीच्या लग्नात तुमच्यासारख्या एकाने माझा कान फोडला होता." म्हटलं, मीच असेन. मग आमचं चांगलं जमलं.

नळीचं काम दोनदा झालं. पहिल्यानंतर मंगलने गालावर बोटं ठेवली आणि "कमी हाय" म्हणाली. दुसऱ्यानंतर तिने बोटं ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली, जागा बदलून पाहिली. मग माझ्या छातीवर डोकं ठेवलं. धपधप थांबली होती. मी डावा कान उशीला लावून पाहिला. आत काही नाही. इतकी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती, आणि गंमत म्हणजे थोडं चुकल्यासारखंही वाटलं.

पण खालचा ओठ गेला होता. चहा प्यायलो की डाव्या कोपऱ्यातून हनुवटीवर ओघळायचा आणि मला कळायचंही नाही. मंगल रुमाल पुढे करायची. मी हसायचो, पण ते हसूही एकाच बाजूने यायचं.

दाढ एकदाची निघाली

हलणारी दाढ ठेवून चालणार नव्हतं. ती काढली ऑपरेशन थिएटरमध्ये, रक्ताच्या बाटल्या तयार ठेवून, सगळा जामानिमा करून. द्वारकेच्या मॅडमना बोलावून घेतलं होतं. मोठे डॉक्टर त्यांना म्हणाले, "तुम्ही पकडलंत, तुम्हीच काढा."

शुद्धीवर आलो तेव्हा मॅडम समोर उभ्या होत्या. मी खुणेनेच विचारलं, रक्त किती? त्या म्हणाल्या, "बशीभरही नाही. एकाही बाटलीला हात लावावा लागला नाही." आणि एका छोट्या डबीत दाढ माझ्या हातावर ठेवली. त्यांचे डोळे भरले होते. मी त्यांना हात जोडले. आजही त्यांचं नाव निघालं की जोडतो.

ती डबी घेऊन घरी आलो तर तात्या म्हणाले, "छपरावर टाक." लहान पोरांचा दुधाचा दात छपरावर टाकतात, नवा चांगला यावा म्हणून. मी म्हटलं, तात्या, माझे केस पांढरे झालेत. ते म्हणाले, "टाक म्हणतोय ना." आमच्या तालमीच्या शेडचं पत्र्याचं छप्पर आहे. मी दाढ फेकली, ती पत्र्यावरून टणटण उड्या मारत पन्हळीत जाऊन पडली. ढोलवाल्याने तिच्यामागून एक टोला दिला. सगळी पोरं हसली, तात्याही हसले. त्या घरात कित्येक महिन्यांनी कोणी असं हसलं.

झांजवाला

तो सबंध हंगाम मी झांजा वाजवल्या. पहिल्या रांगेतला माणूस मागच्या रांगेत. गावात ओळखीचे लोक वळून बघायचे. एक जण तर म्हणाला, "काय दत्तूशेठ, उतरती कळा लागली का?" लागलं मनाला. लागणारच.

ओठ मात्र हळूहळू परत येत होता. आधी मुंग्या. मग एका सकाळी चहा भाजला. मी कप खाली ठेवून ओरडलो, "मंगल, भाजलं!" ती पाणी घेऊन धावत आली आणि बघते तर मी आनंदाने नाचतोय. ओठ भाजल्यावर नाचणारा नवरा तिने पहिल्यांदाच पाहिला असेल.

डॉक्टरांनी पुन्हा रंग सोडून फोटो काढले, नीट पाहिले आणि म्हणाले, "जीव झाला, जबडा झाला. आता ट्रंपेट. पण हळू. आणि तपासणीला येत राहायचं, बरं वाटतंय म्हणून दांडी मारायची नाही." आधी नुसते ओठ फुरफुरवायचे, मग नुसता मुखडा, म्हणजे ट्रंपेटचं तोंडाला लावायचं टोक, मग एकेक सूर. शेडमध्ये माझा पहिला सूर रेडकासारखा निघाला. तात्या ओट्यावरून ओरडले, "असाच निघाला होता तुझा पहिला बी!"

तुम्हाला काही सांगायचं झालं तर एवढंच. गाल, ओठ किंवा हिरडी बोटाखाली उडत असेल, वाकल्यावर भरत असेल, कारण नसताना रक्त येत असेल, तर शेकू नका, चोळू नका, घाईने दाढ काढायला बसू नका. डॉक्टरांना तोंडाने सांगा, की इथे उडतंय. आणि घरात कोणी रोज बोट ठेवून तेच ते सांगत असेल, तर त्याचं ऐका. मला माझ्या मंगलने वाचवलं आणि मॅडमनी वाचवलं, दोघींनीही दोन-दोन बोटांनी.

वरात

पहिली वरात सिन्नरचीच होती. बँडवाल्यांच्या बायका वरातीत येत नाहीत, तशी रीतच नाही. मी गणवेश चढवला, तात्यांनी स्वतः माझा फेटा बांधला, आणि मी निघालो. घरात सगळ्यांच्या मनात एकच होतं. फोटोत दिसत नाही ते ठीक. पण पूर्ण जोर लावून फुंकलं, की ते परत येणार का?

नवरदेव घोड्यावर बसला. ढोल सुरू झाला. मी ट्रंपेट उचललं आणि सरळ धरलं. डावीकडे कलतं नाही. पहिली ओळ जपून वाजवली. दुसरीत गर्दी नाचायला लागली. आमच्या गाण्यात शेवटी एक उंच सूर असतो, तो तात्यांच्या काळापासून आमच्या बँडची ओळख आहे. ट्रंपेटवाल्याने तो छाती फुटेस्तोवर धरायचा. मी डोळे मिटले आणि धरला. धरला आणि सोडला नाही. ओठ थरथरत होता, मला तो कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जाणवत होता. माणसं शिट्ट्या मारत होती. सूर संपला तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

डोळे उघडले तर गर्दी फुटून बाजूला होत होती. मंगल येत होती. कारखान्याचा डबा खांद्याला, ओळखपत्र गळ्यात, नाचणाऱ्यांना कोपराने सारत सरळ माझ्याकडे. ढोलवाल्याने ढोल थांबवला. घोडा थांबला. नवरदेवाचा काका ओरडला, "ए, काय झालं? थांबला का?"

तिने कोणाकडे पाहिलं नाही. माझ्यासमोर उभी राहिली आणि दोन बोटं माझ्या गालावर ठेवली. तिथेच, नेहमीच्या जागी. सगळी वरात बघत होती.

"बोल की," मी म्हणालो.

तिने बोटं दाबून पाहिली, मग आणखी थोडा वेळ ठेवली. आणि भर रस्त्यात, सगळ्या गावासमोर, हसली.

"नाय," ती म्हणाली. "वाजवा."